परदेशात आडरस्त्याला गाडी रुतली तर? (डेथ व्हॅलीतली आमची एक रात्र, आणि तुमचे अनुभव हवे आहेत)

कृष्णाकाठचा

मागच्या आठवड्यात ऑफिसातला एक मुलगा सांगत होता, डिसेंबरात त्याचे आई-बाबा येतायत, त्यांना कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीला नेणार, आणि ते आपोआप सरकणारे दगड आहेत ना, तेही दाखवणार. गाडी कुठली विचारलं तर म्हणाला, एअरपोर्टवरून भाड्याने घेतोय, एसयूव्ही आहे, जाईल की. अगदी हेच वाक्य काही वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं. त्याला जे सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो.

थँक्सगिव्हिंगचा आठवडा होता. आम्ही पाच जण: मी, बायको, सहा वर्षांची मुलगी, आणि कराडहून आलेले आई-बाबा. दगड आहेत त्या जागेला रेसट्रॅक म्हणतात. उबेहेबी क्रेटर या ज्वालामुखीच्या विवरापाशी डांबर संपतं आणि तिथून २७ मैलांचा, म्हणजे ४३ किलोमीटरचा कच्चा रस्ता. पन्हाळी पत्रा आडवा टाकून त्यावरून गाडी न्यावी तशा लाटा, आणि मध्येमध्ये कडा असलेली खडी. मोबाइलला रेंज कुठेच नाही. उंच गाडी आणि जाड टायर लागतात असं नॅशनल पार्क सर्व्हिस स्पष्ट सांगते. मी ते वाचलं होतं, पण समोरून एक साधी गाडी येताना दिसली आणि मला धीर आला.

दगड बघून आई गप्पच झाली. सपाट, भेगाळलेलं मैदान आणि प्रत्येक दगडामागे ओढल्यासारखा माग. काही दगड तर तीनशे किलोच्या घरातले. रात्री पाणी गोठून काचेसारखा पातळ बर्फ होतो, उन्हाने तो फुटतो, आणि हलका वारा त्या तावदानांना ढकलतो तेव्हा दगड पुढे सरकतात. डिसेंबर २०१३ मध्ये संशोधकांनी हे प्रत्यक्ष पाहिलं आणि २०१४ मध्ये छापलं. मी आईला हे समजावत बसलो आणि त्यात पाऊण तास गेला. त्या पाऊण तासाची किंमत पुढे कळली.

सव्वातीनला निघालो. तीन-साडेतीन मैल आलो असू, मागचं डावं चाक बसलं. टायरची बाजूची भिंत दोन बोटं फाटली होती. तिथे पॅच चालत नाही, हे बघताक्षणी कळलं. आणि मग माझ्या हातून खरी चूक झाली. रस्त्यात अडथळा नको म्हणून गाडी उजवीकडे कडेला घेतली. कडेला दिसायला खडी, पण खाली भुसभुशीत वाळू. पुढची दोन्ही चाकं आत गेली. मी घाबरून ॲक्सिलरेटर दाबला. दहा सेकंदांत चाकांनी आपलाच खड्डा खणला आणि गाडीचं पोट जमिनीला टेकलं.

जॅक लावायला गेलो तर जॅकच वाळूत उतरायला लागला. बाबांनी दोन चपटे दगड आणले, त्यावर डिक्कीतल्या स्टेपनीवरचा पुठ्ठ्याचा फळा ठेवला आणि मग जॅक चढला. स्टेपनी लागली, ती पण बारीक, तात्पुरती. एवढं होईस्तोवर साडेचार. नोव्हेंबरात तिथे त्या वेळेला सूर्य डोंगराआड जातो आणि थंडी लगेच अंगावर येते, कारण ती जागा जवळजवळ अकराशे मीटर उंचीवर आहे. 'डेथ व्हॅली म्हणजे गरम' असं धरून आम्ही स्वेटरसुद्धा मोजकेच घेतले होते.

आता मुख्य गोष्ट. मी ठरवलं, चालत क्रेटरपर्यंत जातो, तिथे कोणीतरी भेटेल. तेवीस मैल. हातात टॉर्च, पाण्याची एक बाटली, डोक्यात एकच विचार की घरच्यांना मी इथे आणलंय तर मीच बाहेर काढलं पाहिजे. बायको नको म्हणत होती, मी ऐकत नव्हतो. मग बाबा उतरले आणि माझ्या दंडाला धरून म्हणाले, "अरं, गाडी सोडून कुठं निघालास? गाडी लांबनं दिसती. मानूस दिसत न्हाई."

थांबलो. त्या वाक्याने मी थांबलो, याबद्दल आजही त्यांचे उपकार वाटतात.

रात्र कशी काढली ते सांगतो. पाणी एक गॅलन आणि तीन बाटल्या होत्या. ते मी बाहेर मोजून ठेवलं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, म्हणजे कोणी लाजून तहान मारू नये. खायला पुलाव, खाकरे, चिवडा. दर तासाला पंधरा मिनिटं इंजिन चालू, काच बोटभर उघडी. मुलगी आजीच्या शालीत झोपली. बाबांच्या बीपीच्या गोळ्या आम्ही उतरलो होतो त्या घरी टेबलावर राहिल्या होत्या. दिवसभराचीच तर फेरी, संध्याकाळी घ्यायच्याच आहेत, म्हणून. त्या रात्रीत मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्या गोळ्यांची.

पहाट झाल्यावर बाबांनी मला पुन्हा गाडी चालू करू दिली नाही. म्हणाले, उसाची ट्रॉली रुतली तर आपण काय करतो? आधी चाकापुढची माती काढायची, उतार करायचा, मग खाली पाचट टाकायचं, आणि मग हळू. पुलावाच्या डब्याचं स्टीलचं झाकण घेऊन ते गुडघ्यावर बसले आणि चाकापुढची वाळू ओढत राहिले. सत्तरीचा माणूस. मी दुसऱ्या चाकाला. पाचट नव्हतं, गाडीतल्या मॅट होत्या. त्या उलट्या करून, खरखरीत बाजू टायरकडे, अशा चाकापुढे खुपसल्या.

साडेआठच्या सुमाराला मागून दोन जीप आल्या. आदल्या दिवशी मैदानावर दिसलेल्याच. मला वाटलं होतं त्या लिपिनकॉट रोडने सलाइन व्हॅलीकडे उतरल्या असणार. तर नाही, त्या मैदानाच्या पलीकडे होमस्टेक कॅम्पला मुक्कामाला होत्या. म्हणजे मागे पाच-सहा मैलांवर माणसं होती आणि मी पुढे तेवीस मैल चालायला निघालो होतो.

त्यांनी आमच्या तीन मोठ्या टायरांतली हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली, फावड्याने पोटाखालची वाळू काढली, ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण बंद करायला लावलं, आणि दुसऱ्या प्रयत्नात गाडी वर आली. मग त्यांच्या छोट्या कॉम्प्रेसरने हवा परत भरून दिली. आई आणि मुलगी त्यांच्या जीपमध्ये बसल्या, म्हणजे आमची गाडी हलकी. त्या बारीक स्टेपनीवर डांबरापर्यंत यायला तीन तास लागले आणि एक जीप शेवटपर्यंत आमच्या मागे होती. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. आईने उरलेला चिवडा दिला, तो घेतला.

तुमच्यापैकी कोणावर असा प्रसंग आला असेल, कुठल्याही देशात, तर इथे लिहा. देशागणिक गोष्टी बदलतात आणि आपल्याकडच्या माणसाला त्या कोणी सांगत नाही.

मस्कतवाला

दादा, वाचताना घशाला कोरड पडली. मी ओमानमध्ये अठरा वर्षं आहे, मूळ गुहागरकडचा. इथे वाहिबाच्या वाळूत दर थंडीत आपली मंडळी रुततात, त्यामुळे टायरमधल्या हवेबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

रस्त्यावर ३५ पीएसआय असते ती वाळूत शिरण्यापूर्वीच १५ ते १८ वर आणायची. रुतल्यावर नाही, शिरण्यापूर्वी. हवा कमी केली की टायर रुंद होतो असं सगळ्यांना वाटतं. रुंदीत फार फरक पडत नाही, तो लांबीत पसरतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी वाळूवर राहते. पण मग जोरात वळण घ्यायचं नाही, टायर रिममधून निसटतो. डांबरावर येताच हवा भरायची, नाहीतर टायर तापून फुटतो.

दुसरं, ब्रेक. वाळूत थांबायचं असेल तर पाय काढून गाडी आपोआप थांबू द्या, आणि शक्यतो उताराकडे तोंड करून. ब्रेक दाबला की चाकांपुढे वाळूचा ढीग साठतो आणि निघताना तोच आडवा येतो. रुतलीच तर पहिल्या झटक्यात थांबा, आणि ज्या वाटेने आत गेलात त्याच वाटेने रिव्हर्समध्ये निघायचा प्रयत्न करा. ती वाट दाबलेली असते.

वाळूपेक्षा मला भीती सबखाची. बार अल हिकमानच्या बाजूला समुद्राकाठी मिठाचा कडक पापुद्रा असतो. वरून क्रिकेटचं मैदान वाटतं, खाली चिखल. तिथे आधीच्या चाकोऱ्या सोडून एक फूटही बाजूला जाऊ नका. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची गाडी तिथे दारापर्यंत गेली आणि मग भरती आली. माणसं सुखरूप आहेत. पोलिसांचा नंबर ९९९९ इथे येणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावा.

बाबांना माझा नमस्कार सांगा. चाकापुढची माती काढणं हे नव्वद टक्के लोक करत नाहीत, सगळे मागून ढकलतात.

सई_कॅल्गरी

तुम्ही काच बोटभर उघडी ठेवलीत हे फार बरं केलंत. आमच्याकडे रुतणं म्हणजे बर्फात, आणि बर्फात एक गोष्ट आधी: इंजिन चालू करण्यापूर्वी खाली उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. पाईप बर्फाने बुजला की धूर गाडीत शिरतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. बर्फ पडतच असेल तर दर वेळी उतरून बघायचं. कंटाळा आला तरी उतरायचं.

लेक लुईसहून जास्परला जाणारा आइसफील्ड्स पार्कवे, साधारण २३० किलोमीटर, जगातला सुंदर रस्ता म्हणून सगळे पाहुण्यांना नेतात. पण बहुतेक भागात रेंज नाही, आणि मध्ये सस्कॅचवान क्रॉसिंगला जो एकच पंप आहे तो हिवाळ्यात बंद असतो. आम्ही कॅल्गरीत नवीन होतो तेव्हा जानेवारीत निघालो आणि एका वळणावर गाडी अलगद घसरून कडेच्या बर्फात बसली. चार तास. उणे बावीस. नशिबाने बर्फ काढणारी गाडी आली.

तेव्हापासून डिक्कीत कायम: दोन ब्लँकेट, फावडं, मांजराच्या शीसाठी मिळते ती खडीची पिशवी (चाकाखाली टाकायला उत्तम), आणि कॉफीच्या पत्र्याच्या डब्यात जाड मेणबत्ती. त्या एका मेणबत्तीने बंद गाडीत बोटं हलवता येण्याइतकी ऊब राहते, फक्त काच थोडी उघडी हवी. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही.

डोंगरदिवा

लेख मनापासून आवडला, पण एक मुद्दा पटत नाही. 'गाडी सोडू नका' हे नेहमीच बरोबर कसं? समजा पाणी संपलं. समजा तुम्ही कुठे गेलात हे कोणालाच माहीत नाही. मग बसून मरायचं का? मी सह्याद्रीत वीस वर्षं भटकतोय, हातपाय चालतायत तोवर माणसाने हालचाल करावी असं मला वाटतं.

कृष्णाकाठचा

डोंगरदिवा, प्रश्न योग्य आहे, आणि त्या रात्री माझं डोकं अगदी असंच चाललं होतं. पण सह्याद्रीत दोन तास खाली उतरलं की वाडी लागते, निदान गुराखी भेटतो. आपलं मन त्या हिशेबाने घडलेलं असतं. नेवाडाच्या सीमेवरच्या वाळवंटात तो हिशेब लागू होत नाही.

घरी परतल्यावर मी याच भागातल्या घटना वाचत गेलो. जुलै १९९६ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनहून आलेलं चौघांचं कुटुंब, त्यात दोन मुलं, भाड्याची मिनीव्हॅन घेऊन याच डेथ व्हॅलीत आडवाटेला लागलं. ऑक्टोबरात ॲन्व्हिल कॅन्यनमध्ये व्हॅन सापडली, तीन टायर बसलेले. माणसं नव्हती. मोठ्या शोधमोहिमा झाल्या, हाती काही लागलं नाही. तेरा वर्षांनी, नोव्हेंबर २००९ मध्ये, एका हौशी शोधकाला व्हॅनपासून मैलोन्‌मैल दक्षिणेला मोठ्यांची हाडं सापडली. ते दक्षिणेला का गेले याचा त्याने जो अंदाज बांधला तो वाचून मी सुन्न झालो. नकाशावर त्या बाजूला चायना लेक हा नौदलाचा तळ दिसतो. युरोपात लष्करी हद्द म्हणजे कुंपण आणि पहारा, म्हणजे माणसं. इथे ती हद्द म्हणजे नुसतं वाळवंट. त्यांनी आपल्या देशाचा हिशेब तिथे लावला असावा. मीही तेच करणार होतो.

आणि उन्हाळ्याचं म्हणाल, तर १० जुलै १९१३ ला याच व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकला ५६.७ अंश सेल्सियसची नोंद आहे. त्या उन्हात चालणाऱ्याला किती पाणी लागतं आणि सावलीत बसलेल्याला किती, यातला फरकच जीव वाचवतो.

दुसरी घटना ओरेगनची, २००६ सालची. थँक्सगिव्हिंगहून परतणारं जोडपं आणि दोन लहान मुली, हायवेचं वळण चुकलं, बेअर कॅम्प रोडने समुद्राकडे निघाले आणि बर्फात अडकले. आठवडाभर गाडीतच राहिले. ऊब आणि धूर दोन्हीसाठी टायर जाळले. सातव्या दिवशी नवरा मदत आणायला चालत निघाला. त्यानंतर दोन दिवसांनी हेलिकॉप्टरमधून बायको आणि मुली दिसल्या, जिवंत. तो त्यानंतर दोन दिवसांनी सापडला, मृत. त्याला दोष द्यायचा माझा अधिकार नाही. मुलींसाठी निघाला होता. त्या रात्री माझ्याही पोटात तेच होतं, म्हणून हे वाचताना मला रडू आलं. शोध योग्य भागात वळला तो त्यांच्या मोबाइलने एका टॉवरला क्षणभर जोडल्याची नोंद मिळाली म्हणून.

तुम्ही म्हणता तशी वेळ येऊ शकते हे मला मान्य आहे. वाटेत घर पाहिलेलं असेल, अंतर माहीत असेल, वाट न चुकण्यासारखी असेल, तर सकाळच्या गारव्यात एक धडधाकट माणूस जाऊ शकतो. पण त्याने काचेवर चिठ्ठी लावावी: किती वाजता, कुठल्या दिशेने, सोबत किती पाणी. आणि रस्ता सोडू नये.

पर्थकर

ऑस्ट्रेलियातून दुजोरा. इथे आउटबॅकला निघताना पहिला नियम गाडी सोडू नका, हाच. विमानातून गाडी दिसते, झुडपाखाली बसलेला माणूस दिसत नाही. बाबांनी जे कराडच्या बोलीत सांगितलं ते इथले पोलीस इंग्रजीत सांगतात. बॉनेट उघडून ठेवायचं, ती बिघाडाची खूण. पाणी दर माणशी दिवसाला १० लिटर धरून न्यायचं, आणि एकाच कॅनमध्ये नाही, एक फुटला तर सगळंच गेलं.

आमच्याकडे पीएलबी नावाचा बीकन मिळतो, तळहाताएवढा. अँटेना उघडून बटण दाबलं की ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संदेश जातो. नोंदणी फुकट आहे, पण करावी लागते, म्हणजे सुटका पथकाला कोणाला शोधायचं ते कळतं. मी दुसऱ्याला वापरायला देताना आधी त्याचा प्रवास त्या नोंदीत लिहून घेतो.

उन्हाळपाखरू

आम्ही आइसलँडला गेलो होतो, तिथलं थोडक्यात. नंबराआधी एफ असलेले रस्ते डोंगरातले, ते फक्त उन्हाळ्यात उघडतात आणि फोर बाय फोरलाच परवानगी. बऱ्याच नद्यांवर पूल नसतात. हिमनदीच्या पाण्याला दुपारनंतर जोर येतो, सकाळी ते कमी असतं. इंजिनात पाणी गेलं तर भाड्याच्या गाडीचा विमा सहसा ते भरत नाही, खर्च आपल्या माथी. आम्ही एका नदीपाशी पोचलो तेव्हा चार वाजले होते. पलीकडे गेलेल्या चाकोऱ्या स्पष्ट दिसत होत्या, तरी नवरा म्हणाला परत जाऊ. मी चिडले होते. अर्ध्या तासाने एक मोठी जीप तिथेच मध्यावर बंद पडलेली आम्हाला वरच्या वळणावरून दिसली. लँड्सब्यॉर्ग या तिथल्या सुटका संघटनेचे स्वयंसेवक त्यांना काढायला आले. ते लोक आपापली नोकरी सोडून येतात. तिथला नंबर ११२.

निघायचंय

माझ्यासाठीच धागा निघालाय असं वाटतंय. १८ डिसेंबरला सासू-सासऱ्यांसह डेथ व्हॅली, पाच दिवस. रेसट्रॅक यादीत आहे. दोन प्रश्न: भाड्याच्या गाडीने जावं का, आणि नवीन आयफोनवर उपग्रहाची सोय आहे ना, मग बाकीची एवढी तयारी लागेल का?

कृष्णाकाठचा

ताई/दादा, आधी करार काढा आणि कच्च्या रस्त्याचं कलम वाचा. माझ्या करारात मनाई होती, मी ती नंतर वाचली, आणि टायरचा भुर्दंड मुकाट्याने भरला. तिथून गाडी टो करून आणायची म्हटलं तर बिल हजारांत जातं. जायचंच असेल तर त्या रस्त्यासाठीची जीप फर्नेस क्रीकला एका दिवसापुरती भाड्याने मिळते, जाड टायर असलेली.

आयफोन १४ पासूनची उपग्रह सोय अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ ला आली, ती खरोखर मोठी गोष्ट आहे. आमच्या वेळी असती तर मी चालायचा विचारही केला नसता. पण आकाश मोकळं लागतं, दरीच्या भिंतीशी वेळ जातो. आणि संदेश पोचला तरी माणूस पोचायला तास लागतात. ते तास तुम्हाला पाणी, पांघरूण आणि सासऱ्यांच्या गोळ्यांवर काढायचे आहेत. गोळ्या दोन दिवसांच्या जास्तीच्या, तुमच्या खिशात. त्यांच्या पिशवीत नाही.

निघण्यापूर्वी इथे लिहा: कुठला रस्ता, किती वाजता परत. मी बघत राहीन.

निघायचंय

२० तारीख. जीप घेतली. सकाळी ८ ला क्रेटरहून रेसट्रॅक, दुपारी ३ पर्यंत डांबरावर. पाणी सहा गॅलन, फावडं, दोन ब्लँकेट, औषधं. बहिणीला पुण्यात हेच कळवलंय, संध्याकाळी ६ पर्यंत फोन नाही आला तर पार्कला फोन कर म्हणून.

कृष्णाकाठचा

पोचलात का?

निघायचंय

पोचलो, सगळे बरे आहोत. पण दगड नाही पाहिले. टीकेटल जंक्शनला, जिथे लोकांनी किटल्या टांगून ठेवल्यात, तिथे पोचायलाच साडेदहा झाले. सासूबाईंची पाठ धरली होती आणि पश्चिमेला ढग भरून आले होते. पुढे फक्त सहा मैल राहिले होते. पाच मिनिटं तिथे उभे राहिलो, मुलांनी किटल्या मोजल्या, आणि जीप वळवली. एक वाजता डांबरावर होतो. परतताना एका गाडीचं चाक बसलेलं दिसलं, थांबलो, आमचं फावडं आणि एक गॅलन पाणी त्यांना दिलं. स्टेपनी लागेपर्यंत थांबलो होतो, मग ते आमच्या पुढे आणि आम्ही मागे, असे आलो.